बेसी स्मिथ क्रमाने कशी ऐकावी: तारीख, मॅट्रिक्स नंबर आणि मात्रांचा हिशेब

अमेरिकेतली काळी ब्लूज गायिका बेसी स्मिथ हिने ध्वनिमुद्रित केलेल्या तबकड्यांच्या बाजू सुमारे १६० आहेत, एका बाजूला एक गाणं. प्रत्येक बाजू तीन मिनिटांच्या आसपास, म्हणजे सगळं मिळून आठेक तासांचं ऐकणं. आज ते घरबसल्या मिळतं, तरी बहुतेकांची गाडी चार-पाच गाण्यांपुढे जात नाही. ॲप गाणी लोकप्रियतेनुसार लावतं. त्यामुळे १९३३ चं गाणं आधी वाजतं, त्यामागून १९२३ चं येतं, आणि ऐकणारा म्हणतो, 'हिचा आवाज मधेच असा दबका का झाला?' आवाज दबका झालेला नसतो, रेकॉर्डिंगचं यंत्र बदललेलं असतं. हा घोटाळा टाळायचा एकच मार्ग आहे: गाणी ज्या दिवशी ध्वनिमुद्रित झाली त्या क्रमाने ऐकायची.

आधी वही किंवा स्प्रेडशीट

नऊ रकाने पुरतात: ध्वनिमुद्रणाची तारीख, मॅट्रिक्स नंबर, टेक, कॅटलॉग नंबर, गाण्याचं नाव, गीत-संगीत कुणाचं, साथीला कोण, वेग, आणि कडवी किती. शेवटचे दोन रकाने ऐकता ऐकता भरायचे. बाकीचे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने चालवलेल्या अमेरिकन ध्वनिमुद्रणांच्या सूचीत फुकट पाहायला मिळतात.

मॅट्रिक्स नंबर आणि कॅटलॉग नंबर यांत गल्लत करू नका. कॅटलॉग नंबर दुकानदारासाठी असतो. तो अख्ख्या तबकडीला एकच असतो, आणि तबकडी बाजारात कधी आली त्यावर ठरतो. मॅट्रिक्स नंबर स्टुडिओतला असतो, प्रत्येक बाजूला वेगळा, लेबलाच्या बाहेर लाखेवर उमटलेला. त्यामागच्या आडव्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे टेक, ते गाणं कितव्या खेपेला घेतलेलं आहे ते. उदाहरणार्थ बेसीची पहिली तबकडी: कोलंबिया कंपनीची ए ३८४४. एका बाजूला 'डाउनहार्टेड ब्लूज', दुसऱ्या बाजूला 'गल्फ कोस्ट ब्लूज'. तबकडी एक, पण मॅट्रिक्स दोन: ८०८६३ आणि ८०८६४. क्रम लावताना मॅट्रिक्सचा आकडा धरायचा, कारण एकाच तबकडीच्या दोन बाजू कधी कधी वेगवेगळ्या दिवशी गायलेल्या असतात.

मॅट्रिक्स नंबरांत कोलंबियाने ८१९९९ नंतर एकदम १४०००० वर उडी मारली. ती दिसली की मधले हजारो नंबर हरवले असं समजू नका, तिथे नवी मालिका सुरू झाली आहे. कॅटलॉगच्या बाजूला १९२३ च्या अखेरीपासून १४०००-डी ही मालिका दिसेल. ती कंपनीने खास काळ्या गिऱ्हाइकांसाठी काढली होती. त्या काळच्या जाहिरातींत अशा तबकड्यांना सर्रास 'रेस रेकॉर्ड' म्हणत.

जन्मवर्षाचा रकाना केलात तर तिथेही अडखळाल. १९०० च्या जनगणनेत १८९२ आहे, विवाहाच्या दाखल्यावर १५ एप्रिल १८९४, आणि थडग्यावरच्या दगडावर १८९५. दाखल्यावरची तारीख धरा, शेजारी प्रश्नचिन्ह ठेवा. गाव मात्र नक्की आहे: टेनेसी राज्यातलं चॅटनूगा. आईबाप लहानपणीच गेले, भाऊ अँड्र्यूच्या गिटारवर रस्त्यात गाऊन पैसे मिळवले आणि १९१२ मध्ये मोझेस स्टोक्सच्या फिरत्या कंपनीत ती नाचणारी म्हणून लागली. त्याच कंपनीत नावाजलेली ब्लूज गायिका मा रेनी गात होती. पहिलं रेकॉर्डिंग त्यानंतर अकरा वर्षांनी झालं. यादीतलं पहिलं गाणं ऐकताना हे ध्यानात असू द्या. ती नवखी नाही, कनातीतल्या शेवटच्या रांगेपर्यंत माइकशिवाय आवाज पोचवायची तालीम झालेली बाई आहे.

नावांचा गुंता

ॲपवर 'स्मिथ' आणि 'ब्लूज' टाकलं की पाच-सहा बायका एकदम समोर येतात: मेमी, बेसी, क्लारा, ट्रिक्सी, लॉरा. या एकमेकींच्या नात्यातल्या नाहीत. 'काळ्या गायिकेचं पहिलं ब्लूज रेकॉर्ड' म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते 'क्रेझी ब्लूज' मेमी स्मिथचं, १० ऑगस्ट १९२० चं, ओके कंपनीचं. ते तडाखेबंद खपल्यावर बाकीच्या कंपन्या गायिका शोधायला धावल्या आणि त्या धावपळीतच १९२३ मध्ये बेसीची पाळी आली. क्लारा मात्र बेसीच्याच कंपनीतली, आणि दोघींची युगुलगीतंही आहेत. त्यामुळे युगुलगीत दिसलं म्हणून ते चुकीचं समजून काढून टाकू नका. सेंट लुइसची बेसी मे स्मिथ ही पूर्णपणे वेगळी गायिका आहे. तिचं गाणं यादीत शिरलं असेल तर मॅट्रिक्स नंबर टाकायला जाताच उघडं पडतं.

दुसरी हमखास चूक 'सेंट लुइस ब्लूज'ची. हे गाणं बेसीच्या आवाजात दोन ठिकाणी आहे: १९२५ ची तबकडी, आणि १९२९ चा त्याच नावाचा सोळाएक मिनिटांचा बोलपट. बेसीचा पडद्यावरचा तो एकमेव अवतार. मागे मोठं गायकवृंद ऐकू आलं तर तो बोलपट. फक्त एक कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं फुंकवाद्य) आणि पेटी असेल तर ती तबकडी.

कुठल्या संचातून ऐकावं? कोलंबियाने १९९१ ते ९६ दरम्यान काढलेले 'कंप्लीट रेकॉर्डिंग्ज'चे पाच खंड तारीखवार आहेत, ते सोयीचे. १९७० पासून निघालेले पाच जोड-एलपी संच मात्र क्रमाने लावलेले नाहीत. त्यांच्या पहिल्या संचात सुरुवातीच्या आणि अगदी शेवटच्या बाजू एकत्र आहेत आणि पुढचे संच दोन्ही टोकांकडून मधे सरकत येतात. कल्पना झकास होती, पण त्या एलपीवरून फाइली केल्या असतील तर प्रत्येकीच्या नावात आधी तारीख घाला: वर्ष, महिना, दिवस, मग मॅट्रिक्स. कॉम्प्युटर आपोआप क्रम लावतो. साठच्या दशकातल्या काही एलपींवर मूळ एकमार्गी आवाज बनावट स्टीरिओत फोडलेला असतो. हेडफोन लावल्यावर बेसी एका कानात आणि पियानो दुसऱ्या कानात वाटला, तर ती प्रत बाजूला ठेवा.

वेग: सगळ्यात जास्त चुका इथेच

'७८ ची तबकडी' हे बोलण्यापुरतं. कोलंबियाच्या त्या काळातल्या बऱ्याच तबकड्या मिनिटाला ८० फेऱ्यांच्या हिशेबाने कापलेल्या असत. अशी तबकडी ७८ वर वाजवली की सूर सुमारे ४४ सेंट उतरतो. आपल्या भाषेत, जवळपास एक श्रुती. तीन मिनिटांचं गाणं साडेचार सेकंद लांबतं आणि गाणारी थोडी जास्त थकलेली, जास्त खर्जातली वाटते. बेसीच्या 'जडशीळ' आवाजाबद्दल जे लिहिलं गेलंय, त्यातल्या काहीचा दोष तबकडी फिरवणाऱ्याच्या माथी जाईल.

तपासायचं असं. गाण्याच्या शेवटचा पियानोचा स्वरमेळ पकडा, त्याचा खालचा सूर ट्यूनर ॲपवर ४४० च्या मापाने पाहा. काटा मधोमध असेल तर कुणीतरी आधीच दुरुस्त केलंय, हात लावू नका. सूर ४० सेंटच्या आसपास खाली असेल तर ऑडासिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलायच्या पर्यायात २.५६४ टक्के वाढवा. वेग आणि सूर एकत्र बदलणारा पर्याय घ्यायचा. नुसता सूर चढवणारा किंवा नुसती लय वाढवणारा घेतलात तर गाणं प्लास्टिकचं वाटायला लागतं. मोजमाप बेसीच्या आवाजावरून कधीही करू नका. तिचा गंधार मुद्दामच कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागतो. ट्यूनरला तो बेसूर वाटेल, आणि काटा सरळ करायच्या नादात तुम्ही ब्लूजच काढून टाकाल.

कर्णा की माइक

मे १९२५ पर्यंत बेसीचं सगळं गाणं कर्ण्यात गायलेलं आहे. माइक नव्हता. आवाजाच्या जोरानेच सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. कर्ण्याला सगळ्यात खालचे आणि सगळ्यात वरचे आवाज पकडता येत नाहीत. म्हणून या बाजूंमध्ये पियानोचा डावा हात विरळ लागतो, ढोल जवळजवळ नाहीच, आणि 'स'-'श' पुसट. शब्द कळत नाहीत म्हणून उच्चारांना नावं ठेवू नका, शब्दाच्या शेवटचा 'स' यंत्रानेच खाल्लेला असतो.

त्या मे महिन्यात कोलंबियाने तिचं विजेवरचं रेकॉर्डिंग सुरू केलं. खोलीतला घुमारा मारायला तंत्रज्ञांनी आत कापडाचा तंबू टांगला होता आणि तो सगळ्यांच्या अंगावर कोसळला, अशी हकीकत सांगतात. ओळखायची खूण: मॅट्रिक्सच्या आधी 'डब्ल्यू' हे अक्षर, आणि कानाला परत आलेला 'स'. वहीत इथे जाड रेघ मारा. रेघेच्या अलीकडची आणि पलीकडची गाणी आवाजाच्या पोताबद्दल एकमेकांशी ताडून पाहायची नाहीत. लय, श्वास आणि शब्द तोडण्याची रीत जरूर ताडून पाहा.

खरखर कमी करणारी सॉफ्टवेअरं इथे बेताने वापरा. खरखर आणि श्वास त्यांना सारखेच वाटतात. खरखर गेली आणि कडव्याआधीचा श्वासही गेला, तर गाणं शुद्ध होण्याऐवजी मुकं होतं.

मात्रा मोजायला 'बॅक वॉटर ब्लूज'

ब्लूजचं एक कडवं बारा मापांचं, प्रत्येक मापात चार मात्रा: एकूण ४८. आपल्याला सोपं जातं, कारण तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं होतात. शिवाय कडव्यात तीनच ओळी असतात. पहिली, तीच पुन्हा, आणि मग उत्तरादाखल तिसरी. एका ओळीला एक आवर्तन.

सुरुवात या गाण्यापासून करा, कारण गाणं सरळ आहे. १७ फेब्रुवारी १९२७, साथीला एकटा जेम्स पी. जॉन्सनचा पियानो, कोलंबिया १४१९५-डी, रचना स्वतः बेसीची. थोडी पियानोची सुरुवात, आणि मग सात कडवी, सगळी बारा मापांची. बोटांच्या पेरांवर सोळा मोजत बसा. मोजताना कान जॉन्सनच्या डाव्या हाताकडे ठेवा, बेसीकडे नको. ती समेवर येतेच असं नाही. कधी आधी उचलते, कधी मात्रा सोडून येते, आणि तिच्या मागे गेलात की दुसऱ्याच ओळीत हिशेब चुकतो. तीनतालातली खाली शोधू नका, इथे ती नाही. उलट दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर झोक जाणवेल.

घरात पेटी असेल तर सोबत वाजवून पाहा. पहिल्या आवर्तनात सोळाही मात्रा सा-ग-प. दुसऱ्यात पहिल्या आठ मात्रा म-ध-सा, उरलेल्या आठ परत सा-ग-प. तिसऱ्यात आठ मात्रा प-नी-रे (त्यातल्या शेवटच्या चार मात्रांना पुष्कळदा म-ध-सा), मग घरी, सा-ग-प वर. एवढं हाताखाली बसलं की दुसऱ्या ओळीची गंमत कळते: शब्द तेच, पण खालची जमीन सरकलेली. आपल्याकडे षड्जाचा तंबोरा हलत नाही, म्हणून पहिल्या ऐकण्यात 'ही तीच ओळ का परत म्हणते' असा प्रश्न पडतो.

आता ओळीच्या आत. सोळापैकी साधारण नऊ-दहा मात्रा आवाजाच्या असतात, उरलेल्या साथीदाराच्या. या उरलेल्या मात्रांत जॉन्सन डाव्या हाताने गडगडाट करतो, कारण गाणं पुराचं आहे. बेसीची स्वतःची करामत निराळीच. ती थोड्याच सुरांत काम करते, एखादा सूर वादीसारखा धरून त्याच्याभोवती फिरते, आणि वाक्य जिथे तुटू नये तिथे तोडते: कर्ता म्हणून थांबते, क्रियापद मागून येतं. वहीत हे थांबे उभ्या रेघांनी मांडा. सात कडव्यांत ते एकसारखे येत नाहीत.

आणि इथेच तारखेचा उपयोग दिसतो. हे गाणं मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावर आहे असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं सापडतं. तो महापूर वसंतातला, गाणं फेब्रुवारीचं. अभ्यासक ते १९२६ च्या नाताळात नॅशव्हिलला कंबरलँड नदीला आलेल्या पुराशी जोडतात. गाणं बाजारात असतानाच महापूर आला, आणि लोकांनी ते आपलंसं केलं. 'नोबडी नोज यू व्हेन यू आर डाउन अँड आउट'चंही तेच. शेअर बाजार कोसळला ऑक्टोबर १९२९ मध्ये, आणि हे गाणं त्याच वर्षीच्या १५ मेचं.

मग १४ जानेवारी १९२५

या एका दिवसासाठी अख्खी संध्याकाळ ठेवा. पाच बाजू, साथीला लुई आर्मस्ट्राँगचं कॉर्नेट आणि फ्रेड लाँगशॉ. लाँगशॉ पहिल्या दोन बाजूंत पियानो नाही, पेटी वाजवतो. संगीत नाटकातल्या ऑर्गनची सवय असलेल्या कानाला हा भात्याचा आवाज लगेच ओळखीचा वाटेल.

पहिली बाजू 'सेंट लुइस ब्लूज', मॅट्रिक्स १४०२४१, तबकडी १४०६४-डी. डब्ल्यू. सी. हँडीची १९१४ ची रचना. 'बॅक वॉटर'सारखं सलग बाराचं धरून मोजायला गेलात तर चुकाल. इथे बारा, बारा, सोळा, बारा असे भाग आहेत, म्हणजे तीनतालाची तीन, तीन, चार, तीन आवर्तनं. तिसऱ्या भागात गाणं कोमल गंधाराकडे वळतं, ते वळण हीच खूण. सुरुवातीला फक्त एक लांबवलेला स्वरमेळ आहे, म्हणून मोजणी बेसीच्या पहिल्या ओळीपासून धरा. लय फारच संथ आहे. मिनिटाला सत्तरच्याही आत, त्यामुळे मोजताना घाई होते.

तीनदा ऐका. एकदा नुसती बेसी, एकदा नुसता आर्मस्ट्राँग, मग दोघं. तिची ओळ संपते तिथून तो उचलतो, आणि पुढच्या ओळीत ती कधी कधी त्याने जिथे आणून सोडलंय तिथूनच सुरू करते. ही साथसंगत ज्यांना फार भारी वाटते त्यांनी लगोलग जो स्मिथचं कॉर्नेट असलेली बाजू लावावी, उदाहरणार्थ २६ ऑक्टोबर १९२६ चं 'यंग वुमन्स ब्लूज'. जो स्मिथ वर चढून बोलत नाही, तिच्या आवाजाला कड लावतो. आमचा कौल त्याच्याकडे.

यादीतल्या रिकाम्या जागा

तारखा लावून झाल्या की काही महिने कोरे दिसतात. ते बहुधा दौऱ्याचे. उन्हाळ्यात दक्षिणेत तंबू, इतर वेळी टोबा या नाट्यगृहांच्या साखळीत खेळ, आणि न्यूयॉर्कला आली की रेकॉर्डिंग. १९२५ मध्ये तिने मंडळींसाठी स्वतःची रेल्वेची बोगी घेतली, कारण दक्षिणेत काळ्या कलावंतांना हॉटेलं जागा देत नसत. तमाशाच्या फडाचं बिऱ्हाड पाहिलेल्याला याहून जास्त सांगायला नको. कमाईही मुख्यतः तिथलीच. कोलंबियाकडून सुरुवातीला पसंत पडलेल्या बाजूमागे १२५ डॉलर ठोक मिळत, खपावर रॉयल्टी नाही. म्हणून 'लाखो तबकड्या खपल्या'चा तिच्या हिशेबाशी थेट संबंध जोडू नका.

नोव्हेंबर १९३१ नंतर कोलंबियाचा रकाना बंद होतो. मंदी होती, रेडिओ होता, तबकडीला गिऱ्हाईक नव्हतं.

मूळ तबकडी हाती लागलीच तर तीन गोष्टी. तीन मिलची (इंचाच्या तीन हजारांश टोकाची) सुई लावा, एलपीची सुई खोबणीच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच वाजवते. धुताना स्पिरिट वापरू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, लेबल कोरडं, बस्स. आणि फोनो प्रीअँपची नेहमीची आरआयएए दुरुस्ती (खालच्या-वरच्या आवाजांचा तोल साधणारी) या तबकड्यांच्या नंतर तीसेक वर्षांनी आलेली आहे, ती बंद ठेवून ध्वनिमुद्रण घ्या, नाहीतर आवाज कोंदट येतो.

पॉडकास्टमध्ये वाजवायचं असेल तर ध्वनिमुद्रण आणि गीत यांचे हक्क वेगळे धरा. भारतात ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतात, म्हणजे मूळ बाजू मोकळ्या आहेत. गीताचे हक्क शेवटच्या हयात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. बेसीच्या स्वतःच्या रचना मोकळ्या झाल्या, हँडीच्याही. पण 'डाउनहार्टेड ब्लूज' लिहिणाऱ्यांपैकी अल्बर्टा हंटर १९८४ पर्यंत जगली, तो हिशेब २०४४ अखेरपर्यंत जातो.

मृत्यूच्या रकान्यात २६ सप्टेंबर १९३७, क्लार्क्सडेल, मिसिसिपी, मोटार अपघात. 'गोऱ्यांच्या दवाखान्याने घेतलं नाही म्हणून गेली' हे वाक्य तिथे लिहू नका. तिला थेट काळ्यांच्याच दवाखान्यात नेलं होतं. ती गोष्ट नंतर एका लेखातून पसरली.

रेकॉर्डिंगच्या यादीतला शेवटचा दिवस २४ नोव्हेंबर १९३३, ओके कंपनीसाठी चार बाजू, निर्माता जॉन हॅमंडने जुळवून आणलेल्या. साथ एकदम स्विंग या जॅझशैलीची, जॅक टीगार्डनचा ट्रॉम्बोन, चू बेरीचा सॅक्सोफोन. क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन फक्त 'गिमी अ पिगफूट'मध्ये आहे आणि तोही जेमतेम ऐकू येतो, त्याच्यासाठी कान ताणत बसू नका. शेवटची बाजू 'आयम डाउन इन द डम्प्स', मॅट्रिक्स १५२५८०. ती संपली की लगेच ८०८६३, म्हणजे 'डाउनहार्टेड ब्लूज', पुन्हा लावा. मधे दहा वर्षं नऊ महिने आहेत, कर्णा जाऊन माइक आला आहे. या वेळी मोजायचे ते फक्त तिचे थांबे.